उजनी गाळानं भरतं, मग बैकल का बुजत नाही?

ह्या वेळी पत्रांत आणि व्हॉट्सअॅपवर गाळाचाच विषय जास्त आला, साहजिकच आहे, मे महिना आहे, उजनी धरण मायनसमध्ये गेलंय (म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाचा राखीव साठा लागलाय), हिप्परगा तलावाचं पाणी पार आत सरकलंय आणि जिथं पाणी होतं तिथं भेगाळलेली काळी माती उघडी पडलीय. त्यात मागच्या अंकात मी आफ्रिकेतल्या खचदरीबद्दल, म्हणजे जमीन ताणली जाऊन खाली खचलेल्या लांब पट्ट्याबद्दल, चार ओळी लिहिल्या होत्या, त्यामुळे बऱ्याच जणांनी दोन्हीचा धागा जोडून विचारलंय. मला स्वतःला हा विषय फार जवळचा आहे, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांना जरा जास्त जागा घेतो.

प्रश्न : सर, माझं शेत उजनीच्या बॅकवॉटरला लागून आहे. पाणी उतरलं की गुडघाभर गाळ दिसतो, आम्ही तो ट्रॉलीनं शेतात आणून टाकतो. धरण 1980 चं, म्हणजे वय 45 च्या आसपास, तेवढ्यात ही अवस्था. आणि पोराच्या पुस्तकात लिहिलंय की रशियातला बैकल तलाव अडीच कोटी वर्षांचा आहे. अडीच कोटी वर्षं नद्या गाळ आणून टाकतायत तर तो अजून बुजला कसा नाही? आकडा चुकलाय का? (एक शेतकरी वाचक, करमाळा तालुका)

उत्तर : दादा, आकडा बरोबर आहे, आणि तुम्ही जे विचारलंय तोच ह्या सगळ्या विषयाचा गाभा आहे. बैकल खरंच अडीच कोटी वर्षांच्या आसपासचा आहे आणि गाळही खरंच आलाय, थोडाथोडका नाही, तळाखाली काही ठिकाणी 7 किलोमीटरपेक्षा जास्त जाडीचा गाळ बसलाय. सोलापुरातनं हिप्परग्याला जायला जेवढं अंतर पडतं साधारण तेवढं, फक्त आडवं नाही, उभं खाली. आणि एवढा गाळ पोटात घेऊनसुद्धा वर 1642 मीटर खोल पाणी शिल्लक आहे, जगात सगळ्यात खोल.

कारण असं की उजनीचा तळ जागच्या जागी आहे आणि बैकलचा तळ खाली चाललाय.

उजनी म्हणजे भीमेला आडवी भिंत घातली आणि वरच्या अंगाला पाणी तुंबवलं. खालचा काळा पाषाण हलत नाही, त्यामुळे जेवढा गाळ आला तेवढी जागा कमी झाली, हिशेब सरळ आहे. बैकलचा खड्डा मात्र जमीन ताणली जाऊन झालाय. तिथं भूकवच दोन्हीकडनं ओढलं जातंय, आजसुद्धा त्या खचदरीच्या दोन बाजू वर्षाला काही मिलिमीटरनं एकमेकींपासून लांब सरकतायत. दगड ताणला तर रबरासारखा किती वाढणार, तो तुटतो. तुटतो तो बहुतेक तिरका तुटतो आणि त्या तिरक्या चिरेवरनं एक बाजू खाली घसरते. ह्यालाच आपण फॉल्ट म्हणतो, शाळेच्या पुस्तकात प्रस्तरभंग लिहितात. ही घसरण रोज थोडी थोडी होत नाही, शेकडो-हजारो वर्षं चीर अडकून राहते, ताण साठत जातो आणि मग एका मोठ्या भूकंपात तळ मीटर-दोन मीटर खाली बसतो. मग पुन्हा शांत. मधल्या काळात नद्या गाळ टाकत राहतात.

आता साधा भागाकार करा, 7 किलोमीटर म्हणजे 7000 मीटर, भागिले अडीच कोटी वर्षं. वर्षाला पाव मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त येतं, तोही वरच्या वजनानं दाबून दाबून घट्ट झालेला गाळ. म्हणजे तळ वर्षाला सरासरी एवढा तरी खाली गेलाच पाहिजे, आणि तो ह्याहून थोडा जास्त गेला म्हणूनच वर पाणी उरलं.

ही शर्यत सगळीकडे तलावच जिंकतो असं मात्र नाही. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीच्या पश्चिमेकडच्या फाट्यात टांगानिका तलाव आहे, त्याची जास्तीत जास्त खोली 1470 मीटर. त्याच फाट्यात वर उत्तरेला युगांडा आणि काँगोच्या सीमेवर अल्बर्ट तलाव आहे, आणि तो किती खोल असेल? जेमतेम 50-60 मीटर. बघणाऱ्याला वाटेल की तिथं जमीन खचलीच नाही. पण अल्बर्टच्या तळाखाली काही किलोमीटर जाडीचा गाळ आहे, खड्डा चांगला दांडगा होता, फक्त गाळानं तो जवळजवळ भरून काढलाय. पाण्याची खोली आणि खड्ड्याची खोली ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की नकाशावरचा प्रत्येक तलाव वेगळा दिसायला लागतो. तिसरा प्रकार म्हणजे केनियातला मगाडी, तिथं जमीन खचलेली आहे पण पाऊस कमी, ऊन कडक आणि पाण्याला बाहेर जायला वाट नाही, मग पाणी उडून जातं आणि मागं सोड्याचा पांढरा खार उरतो, इतका की तो खणून विकतात. म्हणजे फॉल्ट, गाळ आणि पाणी तिघांचा हिशेब एकदम मांडावा लागतो.

एक घटना सांगतो, मला ती वर्गात सांगितल्याशिवाय राहवत नाही. बैकलला सेलेंगा नावाची मोठी नदी मिळते, तलावात नद्यांचं जेवढं पाणी येतं त्यातलं जवळजवळ निम्मं ही एकटी आणते आणि गाळही खूप आणते, त्यामुळे तिच्या मुखाशी मोठा त्रिभुज प्रदेश तयार झालाय. हजारो वर्षं गाळ टाकून टाकून नदीनं तलावाकडनं जमीन मिळवली, तिथं गवताळ कुरणं झाली, माणसं वस्ती करून गुरं चारायला लागली. जानेवारी 1862 मध्ये मोठा भूकंप झाला आणि त्या त्रिभुज प्रदेशाचा सुमारे 200 चौरस किलोमीटरचा तुकडा खचून बैकलच्या पाण्याखाली गेला. आज तिथं उथळ खाडी आहे, तिचं नाव प्रोवाल, रशियन भाषेत त्याचा अर्थच खचलेली जागा. म्हणजे गाळानं जी जमीन मिळवली ती फॉल्टनं परत घेतली, आणि सेलेंगा आता पुन्हा ती खाडी भरायला लागलीय. दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका खाडीत आहे.

प्रश्न : मी बीएस्सीला आहे. आफ्रिकेतल्या टांगानिका आणि मलावी तलावांचे व्हिडिओ बघितले तर एका काठाला डोंगर सरळ पाण्यात उतरलेले दिसतात आणि समोरचा काठ सपाट, तिथंच नद्या येतात. खचदरी म्हणजे दोन्ही बाजूंना भिंती आणि मधला भाग खाली असं आम्ही शिकलोय. मग असं एका अंगाला का? (एक विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : बेटा, पुस्तकातली ती आकृती चुकीची नाही पण ती फार सरळ करून काढलेली आहे. बहुतेक ठिकाणी खरा ताण एकाच बाजूच्या मोठ्या फॉल्टवर पडतो आणि समोरची बाजू नुसती वाकते. घरी जुनी बाज असेल तर बघ, पावसाळ्यात अंगणात ठेवली की एका अंगाचे दोन पाय ओल्या मातीत रुततात आणि दुसऱ्या अंगाचे तसेच राहतात, त्यावर झोपलेली पोरं सकाळपर्यंत घरंगळून सगळी रुतलेल्या कडेला गोळा झालेली असतात. तलावाचं खोरं तसंच असतं. रुतलेली कड म्हणजे मुख्य फॉल्टची बाजू, सगळ्यात खोल पाणी तिथंच आणि सगळ्यात जाड गाळही तिथंच, आणि समोरच्या काठाकडे जाशील तसा गाळ पातळ होत जातो. आडवा छेद घेतला तर गाळ पाचरीसारखा दिसतो. ह्याला हाफ ग्राबेन म्हणतात, आपण अर्धी खचदरी म्हणू.

आता गंमत बघ, उंच डोंगर ज्या काठाला आहेत तिथनं जास्त गाळ येत असेल असं आपल्याला वाटतं, पण होतं उलटं. फॉल्टच्या पलीकडची बाजू वजन उतरल्यामुळे वर उचलली जाते आणि तलावापासून मागं कलते, त्यामुळे त्या डोंगरावर पडलेला पाऊस बराचसा पलीकडच्या उतारावरनंच निघून जातो, जसं घराच्या मागच्या छपराचं पाणी मागच्याच परड्यात पडतं. तलावाच्या बाजूला राहतात फक्त आखूड, उभे ओढे. ते धोंडे आणि खडी आणतात आणि काठाशी सपाट जागाच नसल्यामुळे ते सगळं थेट खोल पाण्यात ढकलतात. मग कधी भूकंपानं, कधी पुरानं पाण्याखालचा उतार ढासळतो आणि चिखलाचा लोंढा तळावरनं लांबपर्यंत पळत जातो, म्हणून एवढ्या खोल जागी, जिथं फक्त बारीक चिखल असायला पाहिजे तिथं मधेच वाळूचा थर सापडतो.

मोठ्या नद्या येतात त्या तीन वाटांनी. एक म्हणजे समोरच्या मंद उतारावरनं, दुसरी तलावाच्या लांबीच्या टोकाकडनं, जशी टांगानिकाला उत्तरेकडनं रुझीझी येते, आणि तिसरी वाट मला सगळ्यात सुंदर वाटते. एकच फॉल्ट शेकडो किलोमीटर सरळ जात नाही, एक संपतो आणि दुसरा सुरू होतो, कधी कधी समोरच्या बाजूला. मलावी तलावात उत्तरेच्या भागात मुख्य फॉल्ट पूर्वेला आहे, तिथं टांझानियातले लिव्हिंगस्टन डोंगर भिंतीसारखे उभे आहेत, आणि तिथनं खाली दक्षिणेला आलं की मुख्य फॉल्ट पश्चिम काठाला जातो. म्हणजे बाज आधी एका अंगाला रुतलेली आणि पुढची बाज दुसऱ्या अंगाला. दोन्हींच्या मधे जो पिळलेला, उंचवट्याचा भाग राहतो तिथं डोंगराची भिंत तुटते आणि नदीला आत यायला दार मिळतं. बैकलची सेलेंगा तलावाच्या मंद उताराच्या बाजूनं येते आणि दोन खोल खोऱ्यांच्या मधल्या अशाच उंचवट्यावर गाळ टाकते. त्यामुळे गाळ कुठनं येणार, कुठं बसणार, वाळू कुठं आणि चिखल कुठं हे नदीच्या मनावर फार कमी असतं, फॉल्टनं ते आधी ठरवून ठेवलेलं असतं.

ह्यात काळाचीही एक रांग आहे, परीक्षेत नाही विचारणार पण लक्षात ठेव. ताण नवीन असताना बारके बारके फॉल्ट खूप असतात, खड्डेही बारके, नद्या ते सहज भरतात, म्हणून सगळ्यात खाली वाळू आणि गोटे मिळतात. मग काही फॉल्ट एकमेकांना जोडून एक मोठा होतो, बाकीचे थंड पडतात, सगळी खच एका जागी येते आणि तळ इतक्या वेगानं खाली जातो की गाळाला तो गाठता येत नाही, मोठा खोल तलाव होतो आणि बारीक काळा चिखल बसायला लागतो. टांगानिकात साधारण 100-200 मीटरच्या खाली पाण्यात ऑक्सिजनच नाही, त्यामुळे मेलेलं शेवाळ कुजून संपत नाही, चिखलात तसंच गाडलं जातं. शेवटी ताण ओसरला की गाळ जिंकतो आणि वर पुन्हा नदीची वाळू येते. खाली वाळू, मधे चिखल, वर वाळू. तो मधला चिखल पुढं खोल गाडला जाऊन तापला की त्यातनं तेल निघतं. राजस्थानातल्या बारमेरला जे मंगला तेलक्षेत्र 2004 मध्ये सापडलं ते अशाच जुन्या खचदरीतलं आहे, वाळवंटाखाली एका मेलेल्या तलावाचा चिखल गाडलेला आहे. मगाशी ज्या अल्बर्ट तलावाचं लिहिलं, तिथंही युगांडाच्या बाजूला 2006 मध्ये तेल लागलं.

प्रश्न : पाण्याखाली किलोमीटरच्या किलोमीटर गाळ आहे हे कुणी खणून बघितलंय का? की अंदाजच? (एक निवृत्त शिक्षक, बार्शी)

उत्तर : गुरुजी, दोन्ही प्रकारे बघितलंय. जहाजावरनं पाण्यात दाबलेल्या हवेचा दणका देतात, त्याचा आवाज तळातनं आत शिरतो आणि प्रत्येक थरावरनं थोडा थोडा परत येतो, परत यायला किती वेळ लागला त्यावरनं थर किती खोल ते काढतात. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या प्रोब प्रकल्पात ब्रूस रोझेनडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांगानिका आणि मलावी असे तपासले, आणि फॉल्ट आलटून पालटून बाजू बदलतो हे वर लिहिलेलं चित्र त्यातनं ठळकपणे पुढं आलं. मग 2005 मध्ये मलावीत प्रत्यक्ष ड्रिलिंग झालं, जवळजवळ 600 मीटर पाण्यातनं खाली नळी नेऊन सुमारे 380 मीटर गाळाचा गाभा काढला. त्यात सुमारे 13 लाख वर्षांची नोंद मिळाली आणि असं दिसलं की एक लाख वर्षांपूर्वीच्या आसपास आफ्रिकेत असे भयंकर दुष्काळ पडले होते की ह्या तलावाची पातळी 500 मीटरहून जास्त खाली गेली होती. 500 मीटर! आपण उजनी मायनस 30 टक्के झालं की घाबरतो.

पण तुम्हाला थर वाचायला मलावीला जायची गरज नाही. मागच्या मे महिन्यात मी विद्यार्थ्यांना घेऊन हिप्परग्याच्या कोरड्या काठावर गेलो होतो, एका पोरानं कुदळीनं वीतभर जाडीची ढेप सरळ काढली आणि आम्ही ती चाकूनं उभी कापली. खालच्या अंगाला मुरमाचे बारके खडे आणि जाड रेव, त्याच्यावर बोटभर मऊ काळी चिकणमाती, मग पुन्हा रेवेची पातळ रेघ, पुन्हा माती, आणि मधे एका शिंपल्याचा तुकडा. रेव म्हणजे ओढ्याला जोरात पूर आला तो दिवस, चिकणमाती म्हणजे नंतर पाणी निवांत झालं आणि बारीक कण हळूहळू खाली बसले ते महिने. एका मुलीनं वरनं खाली मोजत जाऊन विचारलं, सर हा 2020 चा पूर असेल का, त्या वर्षी ऑक्टोबरात आमच्या घरात पाणी आलं होतं. तिथं बसून मला तिला ठामपणे हो म्हणता आलं नाही, पण विचार करायची पद्धत एकदम बरोबर होती, बैकल आणि मलावीतले लोक हेच करतात, फक्त ढेप 380 मीटरची असते. मोठ्या तलावात आणखी एक गोष्ट दिसते, थर आधी सपाट बसतो आणि मग फॉल्ट हलला की तुटून खाली येतो. जुना थर जास्त तुटलेला, नवा कमी, त्यावरनं कुठला भूकंप कधी झाला ह्याचा अंदाज येतो.

प्रश्न : फॉल्टबिल्ट कशाला पाहिजे, एवढ्या गाळाच्या वजनानंच तळ खचत असेल ना? (एक वाचक, पंढरपूर)

उत्तर : वजनानं खचतो, पण पुरेसा नाही. खालचा खडक गाळापेक्षा जड आहे, त्यामुळे ढोबळ हिशेबानं पाण्याच्या जागी 100 मीटर गाळ आला तर त्या वजनानं तळ 50-60 मीटर खाली जाईल, त्यापेक्षा जास्त नाही. उरलेले 40-50 मीटर पाणी कमी होणारच. म्हणजे गाळ स्वतःसाठी थोडी जागा करतो पण सगळी नाही, बाकीची फॉल्टनंच करून द्यावी लागते.

प्रश्न : 1993 ला किल्लारी झालं तेव्हा मी सोलापुरातच होते, गणपती विसर्जन करून आलो होतो आणि पहाटे घर हललं, आम्ही सगळे रस्त्यावर. आपल्याकडेही फॉल्ट आहेत म्हणजे आपल्याकडे असा तलाव कधी होईल का? (एक वाचक ताई, होटगी रोड)

उत्तर : ताई, 30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट ज्यांनी बघितलीय त्यांना फॉल्ट काय असतो हे वेगळं सांगायला लागत नाही. पण तो फॉल्ट उलट्या जातीचा होता. खचदरीत जमीन ताणली जाते आणि एक बाजू खाली घसरते. भारताची जमीन उत्तरेकडे सरकून हिमालयाशी रेटली जातेय, त्यामुळे आपल्या भागात ती दाबली जाते, आणि किल्लारीला एक बाजू दुसऱ्या बाजूवर थोडी वर चढली. त्यानं खड्डा होत नाही, म्हणून तलाव नाही. लोणारचंही बरेच जण विचारतात, ते उल्का आदळून झालेलं विवर आहे, त्याचा ह्या विषयाशी संबंध नाही.

ताणलेली जमीन महाराष्ट्रात होती मात्र. चंद्रपूरचा कोळसा 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीच्या अशाच खचणाऱ्या खोऱ्यात गाडलेल्या झाडाझुडपांचा आहे, तळ खचत गेला म्हणूनच एवढे थर एकावर एक बसू शकले. आणि खचलेलं, गाळानं काठोकाठ भरलेलं खोरं डोळ्यांनी बघायचं असेल तर विदर्भात जावं लागेल. परतवाड्याला उभं राहून उत्तरेकडे बघा, सपाट रान एकदम संपतं आणि गाविलगडचा डोंगर उभा राहतो, तो मोठ्या फॉल्टचा काठ आहे. तुमच्या पायाखाली जे पूर्णेचं खोरं आहे त्यात काही ठिकाणी 300 मीटरपेक्षा जास्त गाळ आहे. मग दक्षिणेला दर्यापूरकडे या आणि तिथल्या हापशाचं पाणी जिभेला लावून बघा, खारट लागेल. सगळा विदर्भ त्या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतो. पाणी त्या जाड गाळात मुरलेलं आहे, आणि तिथले शेतकरी बोअर असूनही वरच्या पावसावरच पीक घेतात.